चमचाभर येसर

“वर्षे, सासरी पोट दुखलं तरी भरल्या ताटावरून उठायचं न्हाई गं,” ओटी भरताना आई कानाशी म्हणाली होती. आई गेली, ते बोलणं मात्र वर्षाराणीच्या पोटात राहिलं.

आतडी चिडकी आहेत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काही आठवडे कांदा, लसूण, गहू, तुरीची-हरभऱ्याची डाळ बंद. ज्वारीची भाकरी चालेल. तिनं सगळं पाळलं. आधी पोट शेवग्याच्या फुलासारखं हलकं झालं, मग पुन्हा पेटलं.

आज दोडक्याच्या कालवणाचा भुरका मारताच ती थबकली. “आत्याबाई, ह्यात काय घातलंय?”

“कांदा न्हाई, लसूण न्हाई,” सासू बसम्मा म्हणाल्या. “चवीला चमचाभर येसर टाकायलेय चार दिवसांपासून.”

“येसरात भाजलेला गहू असतोय, हरभऱ्याची डाळ असतीय!”

“मसाल्याला कुणी गहू म्हणतंय का? लई लाडाचं पोट बाई तुझं. आमची काय दगडाची हायत?”

नवरा संगमेश हसला. “खा गं. चमचाभरानं काय होतंय?”

वर्षाराणी भरल्या ताटावरून उठली. हात खरकटाच.

“काय होतंय? परवा शाळेत जाताना मुरुडच्या एसटीत माझी साडी भरली. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठली. स्टँडच्या नळाखाली साडी धुतली न् तशीच ओली वर्गावर उभी राहिले. तुम्हाला सांगितलं, पाण्याची बाटली सांडली. बाटली नव्हती सांडली. आता हसा!”