खंडूभाऊंनी पास केलेली फॉइल

खंडूभाऊ एकतीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत आलेला माल तपासत होते आणि मी तिथंच स्टोअरमध्ये तो उतरवून घेत होतो. मी उतरवायचा, त्यांनी परत पाठवायचा, अशी आमची मैत्री. संत तुकाराम नगरात एकाच इमारतीत राहत असल्यामुळं ती निवृत्तीनंतरही टिकली. त्यांची तपासणीही टिकली. भाजीवाल्याचं वांगं ते हातात घेऊन असं फिरवत, की भाजीवाल्यालाच आपल्या वांग्याबद्दल शंका यायची. घरी भिमाबाईंनी भाकरी वाढली, की कड चिमटीत धरून म्हणायचे, "एका अंगाला जाड आहे."

"मग पाठवा परत कंपनीला," असं म्हणून भिमाबाई दुसरी वाढायच्या. तीही एका अंगाला जाड असायची.

गेल्या जानेवारीत भिमाबाई गेल्या आणि खंडूभाऊ कशालाच नावं ठेवीनासे झाले. मेसचा डबा यायचा. पोळ्या मशीनच्या, सगळीकडून सारख्या. ते अर्धी खाऊन झाकण लावायचे. वांगी तर मीच आणून द्यायचो आणि मुद्दाम किडकी आणायचो. ते तशीच ठेवून घ्यायचे.

त्यांची लेक रश्मी इमारतीच्या तळमजल्यावर पार्लर चालवते. एका सकाळी मी त्यांच्याकडं बसलो असताना ती तीन रोल घेऊन वर आली.

"पप्पा, हायलाइटसाठी फॉइल घ्यायचीय. केसांची बट घ्यायची, खाली ही ठेवायची, रंग उतरवायची पेस्ट लावायची आणि घडी घालायची. यातली कुठली घेऊ? मला नाही कळत."

खंडूभाऊ उठले. निवृत्तीच्या वेळी लोक घड्याळ घेतात, यांनी जाडी मोजायचा मायक्रोमीटर मागून घेतला होता. तो कपाटातून निघाला. चष्मा पुसला गेला. मला म्हणाले, "सयाजीराव, उजेड अडवू नका." सहा महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदाच हाकललं. बरं वाटलं.

पहिला रोल मोजला. "अकरा मायक्रॉन. ही स्वयंपाकघरातली. पोळी गुंडाळा."

दुसऱ्यावर बारीक दाणे उठलेले होते. खंडूभाऊंनी बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "माल दबलाय. कुठंतरी मार खाल्लाय यानं. रिजेक्ट."

तिसरी जाड, आरशासारखी गुळगुळीत. चार ठिकाणी मोजली, चारही आकडे सारखे. "ही पास," म्हणाले, आणि हसले.

रश्मी त्या हसण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं पप्पा. हीच घेते."

शनिवारी पार्लरमध्ये नेहा नावाची मुलगी हायलाइट करायला आली. हिंजवडीला नोकरी, रविवारी साखरपुडा. आपली फॉइल कशी चालते ते बघायला खंडूभाऊ दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्या शेजारी. रश्मी बटा घडीत घालत होती आणि गुळगुळीत फॉइल केसांवरून घसरत होती. ती वर सारायची, पुडी पुन्हा खाली यायची. पेस्ट कडेनं बाहेर आली. केस धुतले तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंना पिवळे डाग होते, रुपयाएवढे.

नेहा बराच वेळ आरशात बघत राहिली. "ताई, उद्या फोटो आहेत गं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

"माझा हात चुकला," रश्मी म्हणाली. "बस, मी झाकून देते. फॉइलचा काही दोष नाही."

शेवटचं वाक्य तिनं दाराकडं बघून म्हटलं. तेवढ्यावरूनच खंडूभाऊंना कळलं. ते उठले, कचऱ्याच्या डब्यातली एक चुरगळलेली पुडी उचलून वर गेले.

संध्याकाळी रश्मी माझ्याकडं आली. "काका, मला माहीत होतं. सांगवीला कोर्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, दाणेदार घ्या, ती केसाला धरून राहते. पण पप्पा हसले ओ. मला वाटलं, सांभाळून घेईन हातानं."

मी खंडूभाऊंकडं गेलो. मायक्रोमीटरची पेटी बंद होती. चुरगळलेली पुडी शेजारी पडली होती आणि रिजेक्ट केलेल्या रोलचा दाणेदार तुकडा त्यांच्या गुडघ्यावर होता.

"सयाजीराव, हे दाणे केस धरून ठेवायला असतात तर."

"तुम्हाला कसं माहीत असणार? आपल्या कंपनीत केस येत नव्हते."

ते हसले नाहीत. "असा किती माल परत पाठवला असेल मी," म्हणाले आणि तुकड्यावरून बोट फिरवत बसले.

त्यानंतर रश्मी नवा रोल आला की वर आणायची. खंडूभाऊ न मोजताच म्हणायचे, "बरोबर आहे." हा माणूस न मोजता बरोबर म्हणतो, हे मला एकतीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

परवा तिनं मुद्दाम तो अकरा मायक्रॉनचा स्वयंपाकघरातला रोल पुढं केला. मी समोरच होतो. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"चालेल की," खंडूभाऊ म्हणाले.

रश्मीनं मेसचा डबा बंद केलाय. सकाळी लवकर उठून भाकरी करते, आईसारखी एका अंगाला जाड. त्याच अकरा मायक्रॉनच्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवते आणि खाली पार्लर उघडायला जाते. दुपारी मी जातो तेव्हा खंडूभाऊ जेवत असतात. भाकरीची कड चिमटीत धरतात, थांबतात.

मग तुकडा मोडून खातात.