अजगरिणीच्या अंड्यांवरची फुली

धाकट्याने बावीस वर्षं अंडी फिरवली होती. कोंबड्यांची. उबवणी केंद्रात प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल. सकाळी फुली वर, संध्याकाळी गोल वर. फिरवलं नाही तर पिल्लू कवचाला चिकटून मरतं, हे त्याने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. केंद्र बंद पडलं, तेव्हा थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, साहेबांच्या हातापाया पडून त्याला सर्पालयात आपल्या हाताखाली लावून घेतलं. साप म्हटलं की याच्या पाचावर धारण बसायची.

"अरे, अजगराला विष नसतं," ताई म्हणाली. "तो नुसता आवळतो."

घ्या! मोठाच दिलासा दिला म्हणायचा.

तिथल्या म्हाताऱ्या अजगरिणीला सगळे आजी म्हणत. अकरा हात लांब आणि इतकी थकलेली की यंदाची अंडी शेवटचीच, हे ताई ओळखून होती. अजगरीण अंड्यांना वेटोळं घालून दोन महिने बसते, अन्नाला शिवत नाही, आणि हिव भरल्यासारखं अंग थरथरवून त्यांना ऊब देते. आजीच्या तर आधीच बरगड्या मोजता येत होत्या. हा उपास तिला झेपणार नाही, म्हणून ताईने साहेबांशी भांडून अंडी काढून घेतली. "काही झालं तर माझ्यावर," असंही म्हणून बसली.

एकमेकांना चिकटायच्या आत तिने तेवीसही अंडी सुटी केली. बॅटरीच्या उजेडात एकेक पाहिलं, सगळ्यांत लाल शिरा होत्या. वरच्या अंगाला पेन्सिलीने फुली मारून ती उबवणीच्या पेटीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेली. जाताना म्हणाली, "पेटीची ऊब तेवढी बघ. बाकी तुला मी काय सांगू, तुझा जन्म अंड्यांत गेला."

फुली पाहून धाकट्याला परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. गोल मात्र नव्हता. घाईत विसरली असेल, असं म्हणून त्याने त्या मऊ, चामड्यासारख्या अंड्यांच्या खालच्या अंगाला स्वतः गोल काढले. जित्याची खोड, दुसरं काय. आठवडाभर दोन्ही वेळा फिरवली, एक वेळ चुकला नाही. चुकला असता तरी बरं झालं असतं.

आठव्या दिवशी सकाळी ताई काळा चष्मा लावून, भिंत चाचपत आली.

"फुल्या वर आहेत ना रे?"

"आहेत की. आत्ताच वर केल्या."

"वर केल्या म्हणजे?"

त्याने सगळं सांगितलं. गोलाचंही सांगितलं, जरा ऐटीतच. ताई पालथ्या बादलीवर बसली.

"सापाचं अंडं फिरवत नाहीत रे," ती हळू आवाजात म्हणाली. "गर्भ वरच्या अंगाला धरतो आणि तिथेच राहतो. उलटलं की बलकाखाली दबतो, गुदमरतो. ते हलू नये म्हणून तर फुली."

सवयीने धाकट्याचा हात पेटीकडे गेला आणि मध्येच थांबला. "मग आता कशी ठेवू?"

"आता कशीही ठेव."

"ओरड की मला, ताई."

"तुला काय ओरडू? तुझा जन्म अंड्यांत गेला, हे मीच म्हणाले ना." मग तिने चाचपून बॅटरी त्याच्या हातात दिली. "मला उजेड सोसत नाही. तू बघ."

आणि बघायला त्याच्याइतका पटाईत सगळ्या सर्पालयात कुणी नव्हता. पहिल्या अंड्यामागे उजेड धरला. शिरांचं जाळं नव्हतं, नुसतं एक मळकट लाल कडं. कोंबडीच्या अंड्यात असं कडं दिसलं की गर्भ मेला, अंडं बाजूला काढायचं, त्यात विचार करायचा नसतो. असली हजारो अंडी त्याने न थबकता काढली होती.

"पहिलं?" ताईने विचारलं.

"गेलं."

"दुसरं?"

अकराव्या अंड्याच्या वेळी वाटलं, एखादं खोटं सांगावं. तिला कुठे दिसतंय? पण तोंडातून 'गेलं' असंच आलं. तेविसावं त्याने तीनदा पाहिलं. ताई एवढा वेळ थांबली, तेवढ्यावरून त्याला कळलं की तिने आशा धरलीये. मग तेही सांगावंच लागलं.

साहेबांपुढे तीच उभी राहणार होती, आणि त्याला ते अडवता येणार नव्हतं.

"आजीने खाल्लं का?" ताईने विचारलं.

अंड्यांचा वास जावा म्हणून ताईने जाण्याआधी आजीला धुतलं होतं, खालचा पाला बदलला होता. वास गेला की अजगरीण अंडी विसरते आणि खाऊ लागते म्हणतात. धाकट्याने काचेतून पाहिलं. उंदीर तसाच पडला होता. आजी मोकळ्या जागेला वेटोळं घालून बसली होती.

"नाही खाल्लं."

"थरथरते का रे अजून?"

धाकट्याने काचेला हात लावला.

"थरथरते," तो म्हणाला.