पाचवी ओळ

पंतोजींनी चिमणीच्या फाइलमधल्या आकड्यांचा छापील कागद तिसऱ्यांदा तपासला आणि त्यांचं बोट पाचव्या ओळीवर थांबलं. सापडली! यंत्रात भरायच्या गॅसचे अणू जोडीने असतात, तिथे दोन लिहायचे. चिमणीबाईंनी एक लिहून ठेवला होता.

दुसऱ्याच्या आकड्यांत चुका काढतात म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्यांना पंतोजी म्हणत. यंत्रात विजेचा जबर झटका द्यायचा, गॅसचा प्लाझ्मा होऊन आवळला जातो आणि न्यूट्रॉन सुटतात. किती सुटतील, ते संगणकावर आधी काढून सांगणं हे वीस वर्षं एकट्या त्यांचं काम. मग ही अखंड बडबडीमुळे चिमणी म्हटली जाणारी पोरगी नोकरीला लागली आणि दोन वर्षांत साहेब म्हणायला लागले, "चिमणीला विचारा." पंतोजींच्या पोटात दुखायचं. ती नुसती हसली तरी दुखायचं.

बैठकीला अजून तास होता. तिच्या टेबलाशी जाऊन हळूच सांगता आलं असतं. पंतोजींनी चहा मागवला.

बैठकीत चिमणीने नव्या यंत्राचा आकडा सांगितला. साहेबांनी खूश होऊन मान डोलावली.

"एक बारीकशी शंका," पंतोजी गोड आवाजात म्हणाले. "पाचव्या ओळीत एक कसा? अणूंचा काडीमोड झाला की काय?"

हशा पिकला. चिमणीने घाईघाईने लॅपटॉपवर मूळ फाइल उघडली. तिची फजिती जवळून बघायला पंतोजी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. तिचा चेहरा पडला होता. मग तिची नजर वरच्या कोपऱ्यात गेली, पाठोपाठ त्यांचीही. फाइल नऊ वर्षांपूर्वीची होती. बनवणाऱ्याच्या जागी पंतोजींचं नाव होतं. ती रुजू झाली तेव्हा त्यांनीच ती तिला दिली होती, "डोळे झाकून वापर," असं बजावून. नऊ वर्षांचे त्यांचे सगळे आकडे त्याच एकावर उभे होते.

"फाइल कुणाची आहे ही?" साहेबांनी विचारलं.

चिमणीने लॅपटॉप मिटला.

"माझीच, साहेब. तपासायचं राहून गेलं."

"बघा, याला म्हणतात अनुभव!" साहेब पंतोजींकडे हात करून म्हणाले.

पंतोजींना 'माझी' एवढंच म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना. चिमणी मान खाली घालून कागद गोळा करत होती. तिच्या तोंडून तो शब्द किती सहज निघाला होता! पंतोजींना आता त्याचाच हेवा वाटत होता.