बाहेरची मुलं

मनगटाला पिवळी कागदी पट्टी चिकटवून घेताना आफियाने विचारलं, "मॅडम, निळ्या पट्ट्या कुणासाठी?" आणि योगिनीला त्या दिवसातली पहिली शिसारी आली. अजून सकाळचा चहासुद्धा झाला नव्हता.

निळ्या पट्ट्या होत्या गंगापूर रोडवरच्या त्या मोठ्या कॉलेजच्या स्वतःच्या मुलांसाठी. पिवळ्या 'बाहेरच्या मुलां'साठी. सॉफ्टवेअर कंपनीला गावोगावच्या कॉलेजांत हिंडायला वेळ नसतो. म्हणून ती एखाद्या नावाजलेल्या कॉलेजात उतरते आणि आसपासच्या किरकोळ कॉलेजांनी आपापली मुलं बसमध्ये घालून तिथे न्यायची, याला पूल कॅम्पस म्हणतात. योगिनीचं कॉलेज पिंपळगाव बसवंतच्या पुढे, एका बाजूला द्राक्षांचं पॅकहाऊस आणि दुसऱ्या बाजूला कोल्ड स्टोरेज, त्यांच्या मधोमध. ती तिथे कॉम्प्युटर शिकवायची. मुलांना नोकऱ्या मिळवून देण्याचं काम दुसऱ्या कुणी अंगाला लावून घेतलं नाही, म्हणून तेही तिच्याच गळ्यात पडलं होतं.

दोन्ही कॉलेजांचं विद्यापीठ एकच, अभ्यासक्रम एकच, प्रश्नपत्रिकाही एकच. दर उन्हाळ्यात पेपर तपासायला योगिनी याच इमारतीत यायची आणि या निळ्या पट्टीवाल्यांचे गठ्ठे तिच्या टेबलावर पडायचे. दोन्हीकडे हुशार मुलं होती, दोन्हीकडे ठोंबे होते, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी गेटवरचा वॉचमन पट्टीचा रंग बघून बोट दाखवत होता. निळे एसी हॉलमध्ये, पिवळे पार्किंगमधल्या मांडवात. लग्नात वरपक्षाला वेगळं आणि आचाऱ्याच्या माणसांना वेगळं बसवतात, तसा सगळा थाट होता.

हॉलमध्ये कंपनीचा रुद्र नावाचा अधिकारी भाषण करत होता. तिशीचा असेल, टी-शर्ट घालून आलेला. त्याचं भाषण मांडवात स्पीकरवरून खरखरत ऐकू येत होतं. "आम्ही कॉलेज बघत नाही. आम्ही फक्त टॅलेंट बघतो." हॉलमधून टाळ्या आल्या. मांडवातल्या मुलांनीही वाजवल्या. मनगटावरच्या पिवळ्या पट्ट्यांसकट वाजणाऱ्या त्या टाळ्या बघून योगिनीला कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली. नक्की कुणाच्या, ते तिला ठरवता येईना.

परीक्षेला आधी निळे बसले. पिवळ्यांचा नंबर दुपारी लागला, तोवर लॅबमधली निम्मी मशीन्स रडायला लागली होती. आफियाचं मशीन मधेच बंद पडलं. तिने गपचूप शेजारच्यावर नव्याने लॉगिन केलं आणि उरलेल्या वेळात पेपर संपवला. मग मुलाखती झाल्या. संध्याकाळी रुद्र स्वतः बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची ती आफिया, दोन्ही बॅचमध्ये टॉप आहे. मुलाखतही कमाल दिली. जरा शेखर सरांच्या केबिनमध्ये येता का?"

योगिनी हरखून गेली. बसमधल्या बाकीच्या मुलांचं काही झालं नव्हतं, पण एक तर लागली! कॉलेज सुरू झाल्यापासून असल्या कंपनीत लागलेली ही पहिलीच.

शेखर सर या मोठ्या कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाचे प्रमुख. त्यांनी उठून खुर्ची पुढे सरकवली, पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. योगिनीने पेढा तोंडात घातला आणि मग रुद्र बोलायला लागला.

"मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये कॉलेजांच्या दोन याद्या आहेत. पहिल्या यादीतल्यांना डेव्हलपमेंटला घेतो. बाकीच्यांना सपोर्टला. सपोर्टला रात्रपाळी असते, आणि पगार साधारण निम्मा."

"पण ती पहिली आलीय ना?"

"हो, पहिलीच आहे."

"आणि सकाळी तुम्ही म्हणालात, कॉलेज बघत नाही."

"सिलेक्शनला नाही बघत, मॅडम," रुद्र अगदी समजुतीने म्हणाला. "ग्रेडला बघतो. माझ्या हातात असतं तर... पण सिस्टीमच घेत नाही."

योगिनीला तोंडातला पेढा गिळवेना. थुंकायचा कुठे, म्हणून तिने तो कसाबसा गिळला.

आता शेखर सरांनी साखर पेरायला सुरुवात केली. पोरगी गुणी आहे, तिचं नुकसान कशाला करायचं? त्यांच्याकडे शनिवार-रविवारचा एक सर्टिफिकेट कोर्स चालतो. आफियाचं नाव मागच्या तारखेने त्यात दाखवू. ओळखपत्र देऊ. कंपनीच्या यादीत ती 'आमची विद्यार्थिनी' म्हणून जाईल, पडताळणी आमच्याकडेच येते, तिथे अडचण नाही. तुमची ना हरकत तेवढी हवी.

"आणि तुम्हाला यात काय?" योगिनीने विचारलं.

"आम्हाला काय, मॅडम! एका मुलीचं कल्याण." शेखर सर हसले. मग त्यांचं घोडं खरं कुठे अडलंय ते रुद्रनेच सहज सांगून टाकलं. यंदा या कॉलेजची मुलं ठरल्यापेक्षा कमी निघाली होती आणि पिवळ्यांतून निघालेली एकटी आफिया त्या सगळ्यांच्या वर होती. ज्या कॉलेजच्या नावाला पगार मिळतो, त्या कॉलेजलाच पिंपळगावची पोरगी उसनी हवी होती. योगिनीला असली किळस आली की दुसरा पेढा घेऊन आलेल्या शिपायाला तिने हातानेच परत पाठवलं.

"मुलीला विचारते," एवढं बोलून ती बाहेर पडली.

गेटबाहेर आफियाचे वडील टेम्पो लावून उभे होते. नजीरभाई पॅकहाऊसमधून द्राक्षांचे क्रेट वाहायचे. माल उतरवून ते थेट मुलीला न्यायला आले होते. सोबत धाकटी इन्शाही आली होती. ती योगिनीच्याच कॉलेजात, आफियाच्या एक वर्ष मागे. योगिनीने सगळं जसंच्या तसं सांगितलं.

नजीरभाईंनी ऐकून घेतलं. "म्हंजे हे खोटं हाय का, मॅडम?"

"खोटंच आहे, नजीरभाई."

"आन् नाय म्हणलं तर?"

"तर पुण्याला रात्रपाळी. आणि निम्मा पगार."

नजीरभाईंनी टेम्पोच्या दाराला हात टेकला. "रातपाळीला पोरीला पुण्याला धाडायला हिची आई, हमीदा, नाय व्हायची तयार. खरं सांगतो, मीबी नाय व्हायचो. मंग ती घरीच बसंल. आन् घरी बसली की सोयरिकी यायला लागत्याल."

आफिया पुढे आली. "मॅडम, मी पहिली आले ना?"

"आलीस."

"मग माझ्या हक्काचंच घेतेय मी. नाव त्यांचं लागतंय तर लागू दे. आपल्या कॉलेजचं नाव सांगितलं की लोक विचारतात, हे कुठे आलं? चार वर्षं तेच ऐकतेय." तिने योगिनीकडे पाहिलं. "तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही करणार."

हा शेवटचा धोंडा तिने टाकायला नको होता, असं योगिनीला वाटलं. तिला पोरीचा राग आला, आणि मग त्या रागाचीच लाज वाटली. तिची स्वतःची नोकरी शाबूत होती. तत्त्वं सांभाळायला तिचं काय जात होतं? रात्रपाळी काही तिला करायची नव्हती.

"चल," ती म्हणाली.

ना हरकतीवर तिने सही केली. शिपायाने कात्रीने आफियाच्या मनगटावरची पिवळी पट्टी कापली आणि निळी चिकटवली, कारण शेखर सरांना फोटो काढायचा होता. फोटोत शेखर सर मधोमध उभे राहिले. आठवडाभरात तो फोटो कॉलेज रोडच्या सिग्नलला फ्लेक्सवर झळकला. खाली लिहिलं होतं, 'आमच्या संस्थेची गुणवंत विद्यार्थिनी.' योगिनीच्या संचालकांनाही आपला फ्लेक्स लावायची भारी हौस होती, पण शेखर सरांचा फोन आला. दोन कॉलेजांच्या फ्लेक्सवर एकच पोरगी दिसली तर कंपनी विचारेल, आणि पुढच्या वर्षी तुम्हालाही बोलावणं हवंच आहे ना? संचालक मूग गिळून बसले. कॉलेजात पेढे तेवढे वाटले.

आफिया पुण्याला गेली, डेव्हलपमेंटला. छान काम करत होती. पहिल्या पगाराची साडी तिने योगिनीला पाठवली. योगिनीने ती नेसली नाही, कपाटात ठेवली.

दुसऱ्या वर्षी इन्शाची तुकडी शेवटच्या वर्षाला आली. आफियाताई लागली म्हटल्यावर अख्खी तुकडी पेटून उठली होती. दिवाळीपासून मुलं कॉलेज सुटल्यावरही लॅबमध्ये बसून सराव करायची. कांद्याच्या हंगामात घरून हाका यायच्या, तरी थांबायची. इन्शा तर बहिणीपेक्षाही काकणभर सरस होती, हे योगिनीने तोंडाने कधी म्हटलं नाही, पण तिला ते पक्कं दिसत होतं. या पोरीला आपल्याच कॉलेजच्या नावाने बसवायचं, आणि पहिली आली की त्या सिस्टीमशी मी भांडेन, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. गेल्या वर्षीची घाण धुऊन काढायची तिला तेवढी एकच वाट दिसत होती.

फेब्रुवारी सरला तरी बोलावणं आलं नाही. गंगापूर रोडच्या कॉलेजात तयारी सुरू झाल्याचं कानावर आलं. शेखर सर फोन उचलेनात. शेवटी योगिनीने कंपनीलाच फोन लावला, तोही लॅबमध्ये, सगळ्या मुलांसमोर. "मॅडम, स्पीकरवर टाका ना!" मुलं ओरडली. तारीख कळेल या आशेने तिने टाकला.

रुद्र नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी आशा नावाची मुलगी होती. आवाज साधा आणि प्रेमळ होता.

"मॅडम, यंदा बाहेरची कॉलेजं बंद केलीत. गेल्या वर्षीची आकडेवारी बघितली वरच्यांनी. जेवढी मुलं निघाली तेवढी सगळी होस्ट कॉलेजची, म्हणजे गंगापूर रोडचीच आहेत. बाहेरच्यांतून एकही नाही. मग एवढ्या मुलांना बोलावून उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं."

मुलांनी हातातली पेनं खाली ठेवली.

"मला खरं सांगू, मॅडम?" आशा पुढे म्हणाली. "मीसुद्धा अशाच आडगावच्या कॉलेजची आहे. मला हे पटत नाही. तुम्ही मला फक्त एक नाव द्या. तुमच्या कॉलेजचं एक जरी नाव आमच्या यादीत असेल ना, तर मी आज तुमचं कॉलेज आत घेते. तेवढा अधिकार आहे मला."

मागच्या बाकावरून एक मुलगा आनंदाने ओरडला, "आफियाताई!"

"कोण? आफिया?" आशा म्हणाली. "आमच्याकडे डेव्हलपमेंटला आहे ती? थांबा, बघते." कळफलकाचा आवाज आला. "ही तर होस्ट कॉलेजची दाखवतेय. मॅडम, ही तुमची आहे का? कारण तसं असेल तर मला आधी हिचीच फाईल वर पाठवावी लागेल. माहिती खोटी दिली असेल तर आमच्याकडे सरळ काढून टाकतात."

मुलं योगिनीकडे बघत होती. मागचा मुलगा तोंड उघडं ठेवून उभाच होता. योगिनीने टेबलाची कड घट्ट धरली. हो म्हटलं तर एक पोरगी घरी येत होती, नाही म्हटलं तर समोरची सगळी घरी बसत होती, आणि या दोन्हींवर तिची स्वतःची सही होती.

"मॅडम? ऐकू येतंय ना?"

पहिल्या बाकावरून इन्शा उठली. ती फोनजवळ आली आणि स्वच्छ, अदबीच्या आवाजात म्हणाली, "नाही मॅडम. ती आमची नाही. ती गंगापूर रोडचीच आहे."

"तुम्ही कोण?"

"मी इथली विद्यार्थिनी."

"बरं. मग सॉरी हं," आशा म्हणाली. तिला खरोखरच वाईट वाटलेलं आवाजावरून कळत होतं. "पुढच्या वर्षी मुलांची तयारी जरा चांगली करून घ्या, मॅडम."

फोन बंद झाला. योगिनीला आजवर त्या पट्ट्यांची किळस आली होती, रुद्रची, शेखर सरांची, त्या पेढ्याची आली होती. आता ती सगळी किळस एकवटून तिच्या स्वतःच्या अंगावर आली, आणि इन्शाकडे बघायचीही तिला हिंमत होईना.

इन्शा जागेवर जाऊन बसली. तिने समोरचा कॉम्प्युटर बंद केला, बॅग भरली आणि म्हणाली, "मॅडम, उद्यापासून मी लवकर जाऊ का घरी? क्रेट मोजायला अब्बांना माणूस हवाय."