आवाज आला का?

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सोमवारी संध्याकाळी सात वाजता माझ्या डोक्यावर पहिल्यांदा एक इंजिनियर पडला. मधे स्लॅब होता म्हणून वाचले; पण पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीचा स्लॅब असा की वरच्यांनी पापड मोडला तरी खाली कळतं. धप्प आवाज झाला, पंखा हलला आणि माझ्या चहात छताचा पोपडा पडला. दोन मिनिटांनी पुन्हा धप्प. त्या संध्याकाळी मी बावीस मोजले.

तीन दिवस सहन केलं. चौथ्या दिवशी पदर खोचून वर गेले. मी एकतीस वर्षं संत तुकाराम नगरातल्या एका शाळेत पीटी शिकवलं आहे. पीटीचा तास गणिताच्या सरांनी पोर्शन संपवायला घ्यायचा असतो, अशी सगळ्या शाळेची समजूत होती. त्यामुळे भांडायची मला सवय आहे, आणि आवाजही आहे.

दार वरच्या फ्लॅटमधल्या सुमेधाने उघडलं. कानात हेडफोन, हातात लॅपटॉप, चेहऱ्यावर वैताग. "काकू, बरं झालं आलात. मी सांगून थकले."

हॉलमध्ये तिचा नवरा क्षितिज डायनिंग टेबलावर उभा होता. अडतीस वर्षांचा माणूस, म्हाळुंग्याच्या कंपनीत क्वालिटी खात्यात डेप्युटी मॅनेजर. अंगात हाफ पँट, डोक्यावर हेल्मेट.

"काकू, सॉरी. लँडिंगची प्रॅक्टिस करतोय," तो टेबलावरूनच म्हणाला.

"विमान कुठंय?"

मग त्याने मोबाइलवर रील दाखवली. रामेश्वरमजवळचा समुद्र. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, हातात दांडी, आणि वर खोलीएवढा मोठा पतंग. पतंग वाऱ्यावर ओढतो, माणूस फळीसकट पाण्यावरून पळतो आणि मधेच हवेत उडतो. काइटसर्फिंग म्हणतात त्याला. रीलमध्ये क्षितिज चांगला पुरुषभर उंच गेला, मागे सूर्य, खाली चमकणारं पाणी, जोरदार संगीत. आणि रील संपली.

"यात तू खाली कधी येतोस?"

स्वयंपाकघरातून सुमेधा म्हणाली, "ते कापलंय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. आठ दिवसांच्या त्या कोर्समध्ये साहेबांनी अकरा उड्या मारल्या होत्या आणि अकराही वेळा पार्श्वभागावर आपटले होते. परत आल्यावर पंधरा दिवस ऑफिसात हवेची गोल उशी घेऊन बसले. विचारणाऱ्यांना मूळव्याध सांगितली, कारण खऱ्यापेक्षा तिच्यात अब्रू जास्त वाचत होती. पण रील तोवर कंपनीभर फिरली होती आणि ती हरिहर सरांनी पाहिली. हे कंपनीचे डायरेक्टर. त्यांनाही हाच नाद लागलेला. सगळ्यांसमोर म्हणाले, 'क्वालिटी हेड असा पाहिजे, बिनधास्त उडी घेणारा. क्षितिज, जानेवारीत चार दिवस आपण दोघं रामेश्वरमला. मला शिकव.'

क्वालिटी हेडची खुर्ची मार्चमध्ये रिकामी होणार होती. आणि जानेवारीच्या सहलीला जेमतेम दोन महिने होते. एवढ्यात अलगद उतरायला शिकायचं, नाहीतर डायरेक्टरच्या डोळ्यांदेखत पाण्यावर बसायचं. खुर्ची गेली असती ती गेलीच असती, वर उशीचं खरं कारणही म्हाळुंग्यापर्यंत पोचलं असतं.

पुनावळ्यात समुद्र नाही. म्हणून डायनिंग टेबल.

भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला होता. बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायचं, ही त्यांच्या कंपनीतली पद्धत. मी वाचलं. मी का आपटतो? कारण वेगाने खाली येतो. वेगाने का येतो? कारण उंच जातो. उंच का जातो? कारण पतंग ओढतो. पतंग का ओढतो? कारण वारा आहे. वारा का आहे? कारण समुद्र आहे. पाच पायऱ्या उतरून दोष समुद्राचा निघाला होता आणि खाली या इंजिनियरची सही होती.

हसू आवरत मी विचारलं, "तिथला शिकवणारा काय म्हणत होता?"

"उतरायच्या जरा आधी पतंग जायच्या दिशेला वळवायचा. फळी तिकडेच रोखायची, नजर समोर, गुडघे मऊ."

"आणि तू काय करतोस?"

तो ओशाळला. "खाली पाणी दिसलं की दांडी घट्ट धरून स्वतःकडे ओढतो. मग पतंग अडखळतो आणि मी दगडासारखा येतो."

हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. दोरीच्या मल्लखांबावर मी शेकडो मुली चढवल्या आणि उतरवल्या. चढताना कोणी घाबरत नाही. उतरताना शेवटच्या हातभर अंतरावर भीती वाटते, मुलगी दोरी आवळते, नजर खाली टाकते आणि ताठ पायांवर आदळते. आवळलेलं सोडायला शिकवणं, एवढीच माझी एकतीस वर्षांची विद्या. पण मुलगी त्या टप्प्यावर आली की गणिताचे सर दारात उभे राहायचे. एकही मुलगी मला पूर्ण शिकवू दिली नाही कोणी. ती सल अजून आहे.

"उद्यापासून मी शिकवते. ते हेल्मेट काढ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने एक तक्ता छापून आणला. तारीख, उडी क्रमांक आणि शेवटचा रकाना, 'आवाज आला का?' हो किंवा नाही. "काकू, शिकवून झालं की खाली जाऊन ऐकायचं आणि भरायचं. तुम्ही माझ्या कस्टमर. कस्टमरची तक्रार नाही म्हणजे माल पास. आमच्याकडे असंच असतं."

"मी कस्टमर नाही, तुला शिकवणारी बाई आहे," मी म्हटलं. पण तक्ता घेतला आणि फ्रिजवर लावला.

झोपाळ्याच्या कडीला नायलॉनची दोरी बांधली, तिला झाडूची दांडी. टेबलावरून उडी, दांडी हातात, आणि पाय टेकायच्या आधी हात सैल. "खाली काय बघतोस, फरशी पळून जाणार आहे का? समोर बघ! गुडघे, गुडघे!" सुमेधाने मीटिंग बेडरूममध्ये हलवली. नोव्हेंबर संपेपर्यंत तक्त्यात वरून खालपर्यंत 'हो' होतं. माझ्या छताचे आणखी तीन पोपडे गेले.

मधेच या महाशयांनी ऑफिसच्या लोकांसाठी इंटरनेटवर लेख टाकला: 'लँडिंगने मला नेतृत्वाबद्दल काय शिकवलं'. तेव्हा ते धड एकदाही उतरले नव्हते. माझा उल्लेख 'एक ज्येष्ठ हितचिंतक' असा होता. मी त्या दिवशी त्याला चाळीस उड्या मारायला लावल्या.

अठ्ठावीस डिसेंबरला मी खाली येऊन टीव्ही बंद केला, कुकरखालचा गॅस बंद केला आणि कान वर लावून बसले. काहीच नाही. मी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. वरून क्षितिज ओरडला, "काकू, मारली! आला का आवाज?"

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की दुसऱ्या मजल्यावरच्यांनी गॅलरीत येऊन पाहिलं. मला इतका आनंद झाला होता की पहिला 'नाही' जरा वाकडाच आला. जानेवारीच्या दहा तारखेपर्यंत दहापैकी दहा 'नाही' झाले. सकाळच्या योगाच्या बायकांना मी सांगून टाकलं, माझा विद्यार्थी समुद्रावर चाललाय, व्हिडिओ येईल तो दाखवते.

व्हिडिओ सहलीच्या चौथ्या दिवशी आला. योगाच्या बायका भोवती जमल्या, मी चष्मा लावला. नारिंगी चड्डीतला एक टकला गृहस्थ पुरुषभर उंच गेला, मागे सूर्य, खाली चमकणारं पाणी, जोरदार संगीत. आणि व्हिडिओ संपला.

"हा तुमचा विद्यार्थी? वय बरंच आहे हो," एक बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी क्षितिज पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या दारात. "काकू, झालो! मार्चपासून क्वालिटी हेड."

"आधी सांग, उडी कशी झाली?"

"माझी वेळच आली नाही. सर म्हणाले, तू व्हिडिओ काढ. चारही दिवस मी किनाऱ्यावरच."

"आणि ते कसे उतरले?"

त्याने जिन्यात कोणी नाही ना ते पाहिलं. "आपटले. चौदाच्या चौदा वेळा. शेवटी मला जवळ घेऊन म्हणाले, 'क्षितिज, तुझ्या रीलमध्ये तू लँडिंग काय सफाईने कापलंयस! माझंही तसंच काप. तुला त्यासाठीच आणलंय.'"

"म्हणजे तू आपटतोस हे त्यांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून." हे सांगताना तो लाजला नाही. उलट साहेबांच्या पारखी नजरेचं त्याला कौतुकच वाटत होतं.

मला संताप आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. दोन महिने घसा फोडून मी शिकवलं ते त्याला येत होतं, आणि ते कोणाला नकोच होतं. गणिताचे सर पुन्हा दारात येऊन उभे राहिले होते, या वेळी नारिंगी चड्डी घालून.

"पेढे ठेव," मी म्हटलं. "वर जा, टेबलावर चढ. एक उडी मार. माझ्यासाठी."

"आत्ता?"

"आत्ता. मी ऐकते."

तो वर गेला. मी पंखा बंद केला, खुर्चीत बसले. वर टेबल सरकवल्याचा आवाज झाला. मग शांतता. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. इतकं अलगद कोणी उतरलेलं मी उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. एक तरी पूर्ण शिकला, असं वाटलं. उठून फ्रिजवरच्या तक्त्यात तारीख घातली आणि शेवटच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं, 'नाही'.

तेवढ्यात मोबाइल वाजला. क्षितिजचा मेसेज होता. 'काकू सॉरी, टेबलावर चढलोच होतो, सरांचा कॉल आला. अजून दोन व्हिडिओ कापायचेत. उडी पुढच्या रविवारी नक्की.'

पेन हातातच होतं. 'नाही' खोडायला गेले आणि थांबले. आवाज आला नव्हता, कस्टमरची तक्रार नव्हती. नव्या क्वालिटी हेडच्या हिशेबाने माल पास होता.