सातव्या प्रकरणातली पंगत

मी एक बिनकव्हराचा जाडजूड ठोकळा बोलतोय. पाचशे बहात्तर पानांचा, जादूच्या गोष्टीचा. गळ्याशपथ सांगतो, पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझं कव्हर वारूळवाडीच्या उसात बिबट्याने फाडलं आणि पहिलं प्रकरण वाचून तो शहाण्यासारखा निघून गेला, हेही खरं. म्हणजे बिबट्या होता हे खरं. निदान मांजर तरी होतंच. कव्हर गेलं आहे, एवढं तर तुम्हाला दिसतंय ना? मग झालं.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला, पंचवीसेक वर्षांपूर्वी. माणसात या वयाला तरुण म्हणतात. पुस्तकात या वयाला पोट सुटतं आणि पाठ धरते. माझ्या पोटात उडते बोकड आहेत, बोलणारा कडा आहे आणि कितीही खाल्लं तरी पोट न भरणारा एक राजा आहे. मला दुसरा भाग नाही, तिसरा नाही. मी आपला एकटा.

मला विकत घेतलं लंकाबाईने. ती तेव्हा नव्याने वारूळवाडीला नांदायला आलेली होती आणि माहेरी डिंभ्याला निघाली होती. घोडेगावच्या स्टँडवर एकजण पुस्तकांचा ढीग मांडून बसला होता. डिंभ्याची एसटी कधी येणार हे खुद्द एसटीलाही ठाऊक नसायचं. लंकाबाईने ढिगातलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं, हातात तोललं आणि म्हणाली, "बस येईस्तवर पुरलं पायजे." अशी माझी निवड झाली. वजनावर. मला वाईट वाटलं नाही. घेतलं, हेच खूप.

तिने मला चार वेळा वाचलं. पाचव्या वेळी न उघडताच वाचलं, टोमॅटो तोडता तोडता, मनातल्या मनात. मग एकदा घरातल्या कपाटाचा पाय मोडला. तिचे यजमान सयाजी वीट शोधायला निघाले, तर वीट जास्त भरत होती आणि मी बरोबर बसलो. लंकाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्याला तितं. मला पाठ झालाय त्यो." बारा वर्षं मी त्या कपाटाखाली काढली. वर लग्नातले शालू होते, डांबराच्या गोळ्यांचा वास होता. तक्रार नाही.

आता जरा शेजारच्या नारायणगावला चला. तिथे पेठेत दलीचंदशेठचं साड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर घर. त्यांची सून चेतना. तिला जादूच्या कादंबऱ्यांचं भलतं वेड. एका आंधळ्या राणीची सात भागांची मालिका आहे, तिचे तेव्हा तीनच भाग आले होते. चौथा 'दिवाळीत येणार' असं प्रकाशक सांगायचा. कोणत्या दिवाळीत, ते सांगायचा नाही.

गेल्या पर्युषणात, म्हणजे जैनांच्या व्रताच्या आठ दिवसांत, चेतनाने अठाई धरली. म्हणजे आठ दिवसांचा उपास. उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत, बाकी काही नाही. आदल्या वर्षीही तिने धरली होती आणि सहाव्या दिवशी मोडली होती. कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. सगळ्यांनी डोक्यावरून हात फिरवला होता आणि तेच तिला जास्त लागलं होतं. म्हणून या वर्षी तिने मनाशी पक्कं केलं होतं. वर आठ दिवस मोबाईलला हात न लावण्याची बाधाही, म्हणजे शपथही, घेतली होती.

तिची तयारी मोठी शिस्तीची. तिसरा भाग तिने मुद्दाम या आठवड्यासाठी राखून ठेवला होता. सहाशे चाळीस पानं, रोज ऐंशी, आठ दिवस. चोख. पण एक गोष्ट तिने हिशेबात धरलीच नव्हती. उपासाच्या बाईला स्वयंपाक नाही, जेवण नाही, सासूबाई भांड्यालाही हात लावू देत नाहीत. दिवस केवढा उरतो! पाचव्या दिवशी दुपारी पुस्तक संपलं. राणी कड्याला एका हाताने लोंबकळतेय आणि खाली छापलेलं, 'तिसरा भाग समाप्त'.

त्यावेळी मी कपाटाखाली होतो. पण पुढे हे इतक्यांदा ऐकलंय, की मी तिथेच होतो असं समजा.

पुस्तक मिटल्याबरोबर चेतनाला भूक दिसायला लागली. शेजारची फोडणी कळायला लागली. ती कल्पेशला, म्हणजे नवऱ्याला, म्हणाली, "उद्या सकाळी पच्चक्खाण घ्यायला माझे पाय उचलतील असं वाटत नाही." पच्चक्खाण म्हणजे त्या त्या दिवसाच्या उपासाचा नेम. तो रोज सकाळी स्थानकात, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या जागी, जाऊन नव्याने घ्यायचा. म्हणजे थांबायला दार रोज उघडं.

"धर्माचं वाच ना बेटा," सासूबाई कस्तुरबाई म्हणाल्या. "तपात कशाला त्या राक्षसांच्या गोष्टी?"

"धर्माचं पहाटे वाचते, मम्मी. दुपारी मन पळतं. त्याला पळायला जागा पाहिजे."

कल्पेश पायांत चपला अडकवून निघाला. पहिल्या दुकानात गाईडं आणि स्पर्धा परीक्षा. दुसऱ्या दुकानात द्राक्षांवरचे रोग. तिसऱ्या दुकानदाराने "वहिनींसाठी ना? बायका हेच नेतात," म्हणून एक पुस्तक कागदात गुंडाळून दिलं. चेतनाने कागद सोडला. 'लोणच्यांचे शंभर प्रकार'. ती आधी हसली आणि मग रडली.

तेव्हापासून कल्पेश दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत सुटला, "काठपदर दाखवतो, पण आधी सांगा, घरात एखादं जादूचं, राक्षसाचं जाड पुस्तक आहे का?" दोघी उठून गेल्या. दलीचंदशेठनी कपाळाला हात लावला. आणि मग आले सयाजी, भाचीच्या लग्नाच्या साड्या बघायला.

"जाड म्हंजी किती?" सयाजींनी विचारलं.

"तुमच्याकडे आहे?"

"हाय की. कपाट उभं हाय त्याच्यावर."

तासाभरात मी बाहेर आलो. बारा वर्षांनी उजेड! पण लंकाबाईने मला पदराने पुसलं आणि घट्ट धरून ठेवलं. "कुणाला म्हणलात? उपाशी बाईला? आवं, मग नुसता देऊन चालत न्हाई. मी संगं जाते."

"तू कशाला?"

"त्यो एकला जायच्या लायकीचा न्हाई," ती म्हणाली. मला जरा लागलं ते.

अशा थाटात मी दलीचंदशेठच्या घरी पोचलो. पाचव्या दिवशीची संध्याकाळ व्हायची होती. चेतना गादीवर टेकून बसली होती, ओठ सुकलेले. तिने मला उघडलं आणि म्हणाली, "मावशी, अक्षरं नाचतायत."

"नाचू द्या. मी वाचते. तुमी निस्तं ऐका."

लंकाबाई वाचायला लागली. कडा बोलला तेव्हा तिचा आवाज घोगरा झाला, बोकड उडाले तेव्हा पदर हलला. कस्तुरबाई दाराशी माळ घेऊन बसल्या होत्या, नाक मुरडून. दुसऱ्या प्रकरणात माळेचा मणी थांबला तो थांबलाच.

ऊन उतरल्यावर लंकाबाई मला काखेत मारून उठली. "बोकडाचं काय झालं?" चेतनाने विचारलं.

"उद्या नेम घेऊन या, मग सांगते."

सहाव्या दिवशी सकाळी चेतना स्थानकात गेली. जिन्यावर दोनदा बसली, पण गेली. दुपारी लंकाबाई टोमॅटोची तोड जावेवर टाकून हजर. आता मला घाम फुटला. कारण पुढे माझं सातवं प्रकरण होतं.

सातव्या प्रकरणात पोट न भरणाऱ्या राजाची पंगत आहे. बत्तीस पानांची. केशरी भात आहे, तुपात सोडलेल्या पुऱ्या आहेत, जिलब्यांचे डोंगर आहेत आणि ताक प्यायला आख्खं तळं आहे. ज्याने मला लिहिलं तो खाऊन-पिऊन बसला नव्हता, भुकेला बसला होता, हे ओळीओळीत कळतं. असलं सगळं सहाव्या दिवशीच्या बाईच्या कानावर पडलं तर? आदल्या वर्षीचा तोच दिवस!

मग मी काय केलं? जोर लावला. पावसाळ्याची ओल अंगात होतीच, ती सगळी ओढून घेतली आणि ती बत्तीसही पानं एकमेकांना अशी घट्ट चिकटवली, की सयाजींच्या पहारीनेही सुटली नसती. लंकाबाईने पान उलटलं, बत्तीस पानं एकदम गेली आणि तिने पापणी न हलवता वाचलं, "मग राजा उठला, त्यानं हात धुतले आणि लढाईला निघाला."

"हात धुतले?" कस्तुरबाई दारातून म्हणाल्या. "जेवले कधी?"

चेतनाने डोळे उघडले.

"न्हाई ओ काकी," लंकाबाई म्हणाली, "त्यांच्यात लढाईला जाताना हात धुवायची रीतच हाय."

"चांगली रीत आहे," कस्तुरबाई म्हणाल्या आणि माळ खाली ठेवून आत सरकून बसल्या. "वाच पुढे. पाणी उकळलेलं होतं का पण?"

चेतना हसली. तिसरा भाग संपल्यापासून प्रथमच, खरोखरची हसली. सातव्या दिवशी ती नेम घेऊन आली. आठव्या दिवशीही आली, कल्पेशच्या खांद्याला धरून. माझं शेवटचं पान आणि तिचा शेवटचा दिवस दोन्ही बरोबर मावळले.

पारण्याच्या सकाळी घर माणसांनी भरलं. रीत अशी, की घरच्यांनी एकेक चमचा मुगाचं पाणी तपस्वीला भरवायचं. सासऱ्यांनी भरवला, नवऱ्याने भरवला. मग कस्तुरबाईंनी गर्दीतून लंकाबाईला हाताला धरून पुढे आणलं. "हिचाही चमचा. आठातले तीन दिवस हिचे आहेत."

लंकाबाई संकोचली. टोमॅटोने काळे झालेले हात तिने पदराला पुसले, पुन्हा पुसले आणि चमचा पुढे केला. चेतनाने तो घेतला, गिळला आणि विचारलं, "मावशी, आता खरं सांगा. ते हात कशाचे धुतले होते?"

लंकाबाईने मला तिच्या मांडीवर ठेवलं. सातवं प्रकरण उघडलं. चेतनाने मुगाच्या पाण्याची वाटी एका हातात धरून बत्तीस पानांची पंगत एका बैठकीत वाचली आणि प्रत्येक जिलबीला मान डोलावली. इतकं मन लावून मला आजवर कुणी वाचलेलं नाही.

चौथा भाग अखेर आला. दिवाळी उलटून गेल्यावर का होईना, आला. चेतनाने तो दोन दिवसांत संपवला आणि आता पाचव्याची वाट बघतेय. कस्तुरबाईही वाट बघतायत. मधल्या काळात त्यांनी मला भिंग लावून दुसऱ्यांदा घेतलंय. दुकानात कल्पेश अजून विचारतो आणि हल्ली लोक घरून घेऊन येतात. रद्दीतून काढलेली, फळीवर विसरलेली, दिवाण उंच करायला लावलेली. माझे बरेच जातभाई सुटले. तेव्हा मंडळी, तुमच्या मालिकेचा पुढचा भाग लांबला असेल तर प्रकाशकाला शिव्या घालण्याआधी एकदा आपल्या कपाटाखाली वाकून बघा. वाकताना कंबर सांभाळा, एवढंच.

आणि आता खोटं कुठलं ते सांगून टाकतो. पानं मी चिकटवली नव्हती. पुस्तकाला असलं काही जमत नाही. आम्हाला जे छापलंय ते तसंच्या तसं धरून ठेवता येतं, कोण ऐकतंय हे बघून काय गाळावं ते कळत नाही. सहाव्या दिवशी जिना चढण्याआधी लंकाबाई खाली दुकानात थांबली होती. साडीच्या घडीतली एक टाचणी मागून घेतली, सातवं प्रकरण शोधलं आणि ती बत्तीस पानं तिने एकत्र टोचून टाकली. पारण्याच्या दिवशी टाचणी काढली, तिची दोन बारीक भोकं प्रत्येक पानावर आहेत, जिलब्यांच्या ओळीत. ती बाई बारा वर्षांनीही माझ्यातलं कुठलं पान कुणाला दुखेल हे विसरली नव्हती, आणि श्रेय मी घेत बसलो होतो.