सरावाच्या खोलीतली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माझा मागचा एक पाय बोटभर आखूड आहे. सुताराला घरी जायची घाई होती म्हणे. पण त्या आखूड पायामुळे मला एक विद्या आली. कोणी बसलं, की त्याच्या मनात काय शिजतंय ते मला कळतं. हसू नका. एका साहेबांच्या खिशातलं राजीनाम्याचं पत्र मी घडी न उलगडता वाचलं होतं.

आमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर समाजकार्यकर्ते तयार होतात. अडचणीतल्या कामगाराशी कसं बोलावं, हे एक बाई त्यांना शिकवतात. सरावासाठी एकजण खोटा कामगार होऊन माझ्यावर बसतो आणि कागदावरचं दुःख सांगतो. खोटं दुःख नेहमी ऐसपैस टेकून बसतं. वीस वर्षं मी ते पाठीवर झेललं. तेव्हा माझं कौतुकही फार होतं.

गेल्या सोमवारी बाई म्हणाल्या, "यंदा खराच कामगार बोलावू. सरावात जरा जीव येईल."

भट्टीवरचे एक काका आले. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं: बढती हुकली, झोप येत नाही. ते माझ्या अगदी कडेवर बसले. माझा आखूड पाय थरथरू लागला.

चार ओळी वाचून त्यांनी कागद मांडीखाली सरकवला.

"बायको गेल्यापासून घरात कोणाचा आवाज नाही. भट्टीचं दार उघडलं की ऊब लागते. वाटतं, दोन पावलं पुढे जावं. शुक्रवारी तिथे मी एकटाच असतो."

मग टाळ्या पडल्या.

"काका, तुम्ही नाटकात जायचं सोडून इथे कुठे अडकलात?" एक मुलगी म्हणाली.

"अंगावर काटा आला हो," बाई म्हणाल्या. "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

"जमलं म्हणायचं," काका हसले आणि उठले. मी जीव खाऊन करकरले.

"ही खुर्ची आता मोडीत काढा," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी जिन्याजवळच्या बोळात उलटी पडून आहे. काकांचा कागद माझ्या फटीत अडकला होता. आज, शुक्रवारी, त्या मुलीला तो दिसला. तिनं तो वाचला, उलटून मागची बाजू पाहिली.

"यात भट्टी कुठे आहे?" ती पुटपुटली. मग जिन्यावर तिची धावती पावलं वाजली.

मित्रांनो, कोणी कडेवर बसलं तर टाळ्या नंतर वाजवा. आधी त्याच्याजवळ सरका.

काकांची पाळी दोनला सुरू होते. समोर घड्याळ आहे, पण उलटी पडल्यापासून मला ते वाचता येत नाही.